भिंतीवरची वाटी

पोळी भिंतीवर ठेवताना ती एकदा माझ्याच पायाशी पडता पडता वाचली. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. नुकतं फटफटलं होतं. मी भिंतीला छाती टेकून, टाचा उंच करून ती पलीकडच्या कडेपर्यंत सरकवली आणि खाली पाहिलं. तो तिथंच बसला होता. भुंकला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता वर मान करून माझ्याकडे बघत होता.

पोळीला तूप लावलं होतं, वर गूळ किसून घातला होता, आणि तिच्या घडीत उंदरांचं औषध होतं. आमच्या पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात उंदीर फायली कुरतडत, म्हणून स्टोअरमध्ये त्याची पुडी असायची. आदल्या दिवशी मी ती खिशात घालून घरी आणली होती.

मला कुत्र्यांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. साधीसुधी नाही. शेजारच्या गेटसमोरून जाताना मी सायकलवरून उतरत असे आणि ती कुत्र्याच्या नि माझ्या मध्ये ठेवून, हातात धरून चालत असे. कॉलनीतले लोक हसायचे. हसू देत. त्यांच्या गेटशेजारी तो नव्हता.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालातली, विट्याजवळच्या एका नव्या कॉलनीतली. त्या भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली असतात आणि पैसा झाला की गावाकडे बंगले बांधतात. आमच्या शेजारचा बंगला तसाच होता. तीन मजली, आणि त्यात राहायला एकटी म्हातारी. हौसाबाई तिचं नाव, सगळी कॉलनी तिला हौसाआजी म्हणायची. मुलगा तिकडे तामिळनाडूत सेलमला. आईला सोबत म्हणून त्यानं तिकडूनच हे कुत्रं आणून दिलं होतं, नावासकट. मणी. आमच्याकडे मांजरीला मनी म्हणतात, आणि हा तर वासराएवढा, काळा, रुंद जबड्याचा गडी. त्याला मराठी ओ की ठो कळत नसे. म्हातारीनंच मुलाकडून तीन शब्द शिकून घेतले होते. ‘वा’ म्हटलं की तो येई, ‘पो’ म्हटलं की मागे हटे, आणि ‘उक्कार’ म्हटलं की बसे. रोज भिंतीपलीकडून ते ऐकून ऐकून मलाही पाठ झाले होते.

त्याचं भुंकणं मी सोसलं असतं. पण महिन्यापूर्वी गेटची कडी नीट लागली नव्हती आणि तो बाहेर आला. कुंदा भाजी घेऊन येत होती. तिला सहावा महिना होता. तो अंगावर धावून आला तशी ती मागच्या मागे रस्त्यावर पडली. चावला नाही, चार पावलांवर थांबून भुंकत राहिला. पण त्या रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. आधीचं एक आमचं चौथ्याच महिन्यात गेलं होतं. डॉक्टरांनी तिला आठवडाभर झोपून राहायला सांगितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, “आता असा धक्का परत बसता कामा नये. परत बसला तर मी काही सांगू शकत नाही.”

मी कॉलनीत अर्ज फिरवला. अकरा घरांत गेलो. अकराही जण म्हणाले, कुत्रं डेंजर आहे, काहीतरी केलंच पाहिजे. सही एकानंही केली नाही. त्या वर्षीची गणपतीची मूर्ती म्हातारीच्या मुलानं दिली होती. मग मी भिंतीवरून म्हातारीला वाट्टेल ते बोललो आणि घरात येऊन कुंदाला बजावलं, “त्या घराशी आपला संबंध संपला. बोलायचंसुद्धा नाही.” कुंदा बरं म्हणाली.

तर, पोळी ठेवून मी घरात आलो. बंब पेटवला. आंघोळ करताना कान पलीकडेच होते. काहीच ऐकू येत नव्हतं. पँट चढवली, चहा घेऊन बसलो, तेवढ्यात कुंदा तुळशीला पाणी घालून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं.

“अहो, एक सांगू? रागावणार नसाल तर.”

“सांग.”

“तुम्ही आजींना पोळी ठेवलीत ना? मला इतकं बरं वाटलं.”

“कुणाला?”

“हौसाआजींना. भिंतीवर. मला म्हणाल्या, ‘पोरी, आज लवकरच ठेवलीस गं, तूपगुळाची पोळी पावली मला.’ मी म्हटलं, मी नाही ठेवली, यांनीच ठेवली असेल. तर आजींच्या डोळ्यांत पाणीच आलं हो.”

कप मी खाली ठेवला की तो आपोआप खाली गेला, आठवत नाही.

“तिच्यासाठी भिंतीवर पोळी कोण कशाला ठेवेल?”

“मी ठेवते,” कुंदा खाली बघून म्हणाली. “तुम्ही ऑफिसला गेलात की. मी पडल्यावर परत उठायला लागले ना, त्याच दिवशी त्यांनी डिंकाचे लाडू ठेवले होते, वाटीत. वाटी रिकामी कशी परत पाठवायची? म्हणून मी पोळीभाजी ठेवली. मग त्यांनी परत काहीतरी ठेवलं. असं चालू झालं. तुम्ही बोलायचं नाही म्हणालात, तर मी फारसं बोलत नव्हते. नुसती वाटी ठेवायची. तिथंच, गवती चहाच्या वर.”

मी पोळी तिथंच ठेवली होती. भिंत तिथं जरा बुटकी होती, म्हणूनच.

“खाल्ली तिनं?”

“अजून नाही. काल एकादशी होती ना त्यांची. आंघोळ करून, देवाला दाखवून द्वादशी सोडणार. म्हणाल्या, ह्या टायमाची द्वादशी लेकाच्या हातच्या पोळीनं सोडते. का हो? असे काय बघताय?”

“आंघोळीला कधी गेली?”

“झाली असेल आता. अहो, सदरा तरी घाला!”

मी बनियनवरच बाहेर पळालो. भिंतीशी जाऊन ओरडलो, “आजी! अहो आजी!” म्हातारी कानानं मंद, आणि देवघर बंगल्याच्या पार मागच्या अंगाला. माझ्या हाकेला ओ दिली ती त्यानं. भिंतीपलीकडे येऊन पुढचे दोन्ही पाय वर टेकवून भुंकायला लागला. मी मागे झालो, धावत रस्त्यावर आलो आणि तिच्या गेटसमोर उभा राहिलो. तोही आतून धावत गेटवर आला.

आणि तिथं मी थांबलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. गजांमधून त्याचे दात दिसत होते. त्याच वेळी डोक्यात एक विचार आला, तो आजवर मी कुणाला सांगितलेला नाही. वाटलं, नाही गेलो तर कुणाला काय कळणार आहे? म्हातारी ऐंशीच्या घरातली, उपासाचं पोट. माणसं म्हणतील, वय झालं होतं. मी मागे वळून पाहिलं, तर कुंदा दारात उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि ती माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. मी म्हातारीशी गोडीगुलाबी करायला चाललोय असं तिला वाटत होतं.

मी कडी काढली. “उक्कार,” म्हणालो. तो भुंकतच राहिला. परत म्हणालो, “उक्कार!” तो भुंकायचा थांबला. कान हलले. आणि बसला. घरीदारी, ऑफिसात, माझा हुकूम म्हणून कुणी मानला असेल तर तो पहिल्यांदा त्यानं.

मी त्याच्याकडे न बघता चालायला लागलो. तो उठला आणि माझ्या मागे येऊ लागला. त्याचा श्वास माझ्या पोटरीला लागत होता, पँटमधून गरम. पळायचं नाही, पळायचं नाही, असं मनाशी म्हणत मी बंगल्याला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरलो.

म्हातारी देव्हाऱ्यापुढे बसली होती, दाराकडे पाठ करून. ओले केस, खांद्यावर पदर. पुढ्यात ताट, ताटाभोवती पाणी फिरवलेलं. पोळीवर तुळशीचं पान होतं, आणि एक चतकोर मोडून ताटाच्या कडेला वेगळा ठेवला होता. तो मणीचा. ती स्वतः जेवायच्या आधी त्याला घास घालायची. डोळे मिटून, हात जोडून ती काहीतरी पुटपुटत होती.

मी तिच्या बाजूनं वाकलो आणि पोळी उचलली. मणी उंबऱ्यात उभा राहून बघत होता. पोळी मी पँटच्या खिशात कोंबली तेव्हाही तो गप्प होता, फक्त गुरगुर सुरू झाली, बारीक. मग मी चतकोरासाठी हात लांबवला. हाताला चतकोर लागला आणि पोटरीत त्याचे दात शिरले.

मी किंचाळलो. म्हातारी दचकून वळली.

“अगं बया! मणी! पो! पो म्हनते न्हवं!”

त्यानं तत्क्षणी सोडलं. कोपऱ्यात जाऊन बसला, पण नजर माझ्या खिशावरून हलली नाही. चतकोर माझ्या मुठीत होता. मी तोही खिशात घातला.

म्हातारी रडायला लागली होती. तिनं लगबगीनं पाणी आणलं, जखम धुतली, हळद दाबली.  “कदी न्हाई रं बाळा. भायेर लई भुकतंय, पर घरात आलेल्या मानसाला त्यानं कदी धरलं न्हाई. कशाला आला हुतास रं? हाक तरी मारायचीस.”

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. समोर फडताळात दह्याचा सट दिसला आणि मी म्हणालो, “विरजण. विरजण मागायला आलो होतो.”

“सकाळच्या पारी?” ती म्हणाली. मग डोळे पुसून हसली. “आरं, मागायचं काय त्यात? पोळी ठेवलीस, मला समदं पावलं.” आणि माझ्या पायातून रक्त गळत असताना तिनं उठून वाटीत विरजण घातलं.

वाटी माझ्या हातात देताना तिचं लक्ष ताटाकडे गेलं. ताटात तुळशीचं पान तेवढं राहिलं होतं.

“पोळी?” ती म्हणाली. इकडेतिकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पाहिलं. “मणी, तू खाल्लीस? देवापुढली?”

मी लंगडत घरी आलो. बंबात अजून निखारे होते. पोळी आणि चतकोर त्यात टाकले आणि सगळं जळून जाईपर्यंत उभा राहिलो. तोवर कुंदानं आरडाओरडा करून रिक्षा बोलावली होती.

डॉक्टर म्हणाले, “पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील. चौदा. आजपासून सुरू करू. पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस नीट जगलं तर आपण थांबवू.”

“आणि मेलं तर?”

“तर काळजीचं आहे,” डॉक्टर म्हणाले.

ज्याला मारायला निघालो होतो, त्याच्या जिवासाठी मी दहा दिवस देव पाण्यात घातले. रोज पहाटे उठून टाचा उंच करून भिंतीपलीकडे पाहायचो. म्हातारीनं त्याला आता साखळीनं बांधलं होतं. तो उठून उभा राहिला की माझा जीव भांड्यात पडे. पाणी पिताना दिसला की मी मोजून त्याचे घोट बघायचो. एकदा तो सातपर्यंत झोपून राहिला, तेव्हा मी भिंतीशी उभा राहून घामाघूम झालो. म्हातारी पलीकडून म्हणायची, “खातंय बाळा, खातंय. माझ्या हातनं अर्दी भाकरी खाल्ली.” तिला वाटे, मी तिच्या कुत्र्याची विचारपूस करतोय.

कॉलनीनं यावेळी माझ्या घरी येऊन अर्ज केला. अकराच्या अकरा सह्या. आता रक्त आलं होतं ना. सेलमहून मुलाचा फोन आला, काढून टाक म्हणून. खानापूरच्या वाटेवर कुणाची पोल्ट्री होती, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं.

दहाव्या दिवशी सकाळी टेंपो येऊन उभा राहिला. म्हातारीनं मला भिंतीशी हाक मारली. तिच्या हातात साखळी होती आणि साखळीला मणी.

“बाळा, एक इचारू? खरं सांग. ह्यो कुनाच्या हातचं खात न्हाई. मी घातल्याबिगर ताटाला शिवत न्हाई. लेकानं शिकवलंय तसं, कुनी इख घालू ने म्हनून. मग त्या दिशी देवापुढली पोळी ह्यानं कशी खाल्ली? मला काय कळंना. मती फिरली म्हनावं, तर दहा दीस झाले, चांगलं हाय.” ती थांबली. “तू हुतास तितं. तू न्हाई म्हन, मी ठेवते ह्याला. कॉलनीला काय सांगायचं ते मी सांगंन. पोळी ह्यानं खाल्ली? तू बघितलंस?”

मी मणीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, त्या पहाटेसारखाच. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंदा उभी होती. मला इंजेक्शनं, पुडी, ऑफिस, पोलीस, सगळं एकदम दिसलं. आणि खरं सांगायचं तर, त्या गेटसमोरून सायकलवर बसून जाणारा मीही दिसलो.

“हो आजी,” मी म्हणालो. “त्यानंच खाल्ली. मी बघितलं.”

म्हातारीनं मान हलवली. टेंपोपर्यंत ती त्याला स्वतः घेऊन गेली. “उक्कार,” म्हणाली. तो बसला. फळी लावली तरी उठला नाही.

त्या संध्याकाळी भिंतीवर विरजणाची वाटी होती. कुंदानं ती उचलून आणली. त्याच दिवशी तिनं माझी ती पँट धुवायला काढली होती. रक्ताचा डाग निघेना म्हणून ती राहिली होती. दोरीवर वाळत घालताना तिनं खिसा बाहेर ओढला आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. तुपाचा डाग नुसत्या साबणानं जात नाही. मग तिनं खिसा आत ढकलला आणि पँटला चिमटा लावला.

मणी पोल्ट्रीवर सतरा दिवस जगला. तो माणूसच येऊन सांगून गेला. मी अंगणात होतो, मला सगळं ऐकू आलं. “आजी, आमी लई केलं. भाकरी घातली, दूध घातलं, मटन आनलं. शिवलाच न्हाई. पानी तेवढं प्याला. डॉक्टर आनला, त्यो म्हनला रोग काय न्हाई. कुनाच्याच हातचं खाईना, त्याला काय करनार?”

म्हातारीनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, “कुनाच्याच हातचं न्हाई खाल्लं?”

“न्हाई. मरस्तवर.”

मी पाठ फिरवून उभा होतो, पण तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलेलं मला कळलं. मला वाटलं, आता हाक येईल. मी आत गेलो, दार लावलं आणि वाट बघत बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. दार वाजलं नाही. कुंदा बाहेर गेली आणि परत आली, तेव्हा तिच्या हातात रोजच्यासारखी वाटी होती.

पुढे सात वर्षं, म्हातारी जाईपर्यंत, ती वाटी एकही संध्याकाळ चुकली नाही. आमची मुलगी त्या वाटीसाठी भिंतीवर चढायला शिकली. आजीनं तिचे लाड केले, मला बाळा म्हणणंही सोडलं नाही. विचारलं मात्र परत कधीच नाही.

आमच्या घरातलं दही आजही त्याच विरजणाचं आहे. कुंदानं ते कधी तुटू दिलं नाही. बदली झाली तेव्हा बरणीत घालून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आली. रोज जेवताना ती वाटी माझ्यापुढे सरकवते आणि विचारते, “दही?” मी नको म्हणतो. ती आग्रह करत नाही. पण इतक्या वर्षांत तिनं विचारायचंही थांबवलेलं नाही.